तिची माहिती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्या ताई महिला संस्थेत काम करतात. त्या लिहितात, "ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, पीडित बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सखी केंद्र आणि आम्ही, प्रत्येकाकडे मारहाणीच्या नि अत्याचाराच्या नोंदी आहेत. एकाच्या नोंदी दुसऱ्याला माहीत नसतात. बाई जिवानिशी गेली की मग सगळे म्हणतात, अरे, ती तर आमच्याकडेही आली होती. सगळ्यांची मिळून एक एक्सेल यादी केली, सगळ्यांना उघडता येईल अशी, तर वेळेत कळेल का? कायद्यात बसतं का?"

यादी करू नका, ताई. तुमचं दुखणं खरं आहे, पण औषध चुकीचं आहे. माझी बरीचशी नोकरी आधी रुग्णालयातल्या समुपदेशन कक्षात आणि नंतर जिल्ह्याच्या समन्वयात गेली. त्या आधारावर सांगते, बाईला वाचवणारी माहिती फार थोडी असते आणि ती फार थोड्या माणसांकडे फार लवकर पोहोचावी लागते. सगळ्यांना दिसणारी मोठी यादी याच्या बरोबर उलटं काम करते.

तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र झाली आहेत, ती आधी सुटी करू. एक काम म्हणजे तालुक्यात काय चाललंय ते समजणं: कुठे, कधी, कशा प्रकारची हिंसा वाढतेय. याला नावं लागत नाहीत. दुसरं काम म्हणजे अमुक एका बाईचा जीव धोक्यात आहे, तर उद्यापर्यंत कोण काय करणार ते ठरवणं. याला नाव लागतं आणि तिची संमतीही लागते. ही दोन्ही एकाच कागदावर आली की पहिल्यासाठी गोळा केलेली नावं गावभर होतात आणि दुसऱ्यासाठी लागणारी घाई कुणालाच राहत नाही.

बिननावाच्या माहितीपासून सुरुवात करते. या बाबतीत जगभर दाखला दिला जातो तो वेल्समधल्या कार्डिफ शहराचा. तिथले जबड्याचे सर्जन जोनाथन शेपर्ड यांच्या लक्षात आलं की मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रुग्णालयाने मार कुठे बसला, किती वाजता आणि कशाने, एवढंच विचारून ते नाव वगळून पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायला सुरुवात केली. त्यावर गस्त बदलली, दारूच्या अड्ड्यांवर लक्ष गेलं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार तशाच इतर शहरांच्या तुलनेत तिथे हिंसेमुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झालं.

आता ही पद्धत उचलून जशीच्या तशी आपल्याकडे आणायला बरेच जण निघतात. पण घरातल्या मारहाणीत "कुठे" या प्रश्नाचं उत्तर "घरी" असंच येणार, त्यावर गस्त काय बदलणार? ही पद्धत आपल्याकडे लागू पडते ती मुलींच्या छेडछाडीला आणि रस्त्यावरच्या अत्याचाराला. एसटी स्टँडची मागची बाजू, कॉलेज सुटल्यावरचा तास, वस्तीपासून फाट्यापर्यंतची दिवा नसलेली वाट. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळत नसेल, तर मुली फाट्यावर ताटकळत उभ्या राहतात. हे शाळेला माहीत असतं, पोलिसांच्या दामिनी पथकाला माहीत असतं आणि आगार व्यवस्थापकाला कुणीच सांगितलेलं नसतं. अशी माहिती बिनधास्त एकत्र करा, कारण तिचा परिणाम थेट लग्नाच्या वयावर होतो. वाटेवर त्रास झाला की आपल्याकडे पोरीची शाळा सुटते आणि स्थळ बघायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं मात्र धरून चालू नका. "अमुक तांडा, वय १६, लैंगिक अत्याचार, जुलै" एवढ्यावरून तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. म्हणून गावाऐवजी महसूल मंडळ लिहा, वयाऐवजी वयोगट आणि महिन्याऐवजी तिमाही. एखाद्या रकान्यात पाचपेक्षा कमी आकडा येत असेल तर "पाचपेक्षा कमी" एवढंच लिहा. यात उगाच बारकावे काढतेय असं वाटेल, पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (आधीचं २२८ अ) बलात्कारपीडितेचं फक्त नाव छापायलाच मनाई करत नाही. जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही बाब प्रसिद्ध करायला ते मनाई करतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याचा अर्थ आणखी पक्का केला: बलात्काराच्या आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या) एफआयआर सार्वजनिक करायच्या नाहीत, पीडिता मेली असली तरी तिची ओळख उघड करायची नाही. तरीही तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एफआयआरचा फोटो येतो, त्या ग्रुपमध्ये दोन पत्रकार आणि एक सरपंच असतात, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. तुमची एक्सेल यादी याच फोनांवर उघडली जाणार आहे.

आकड्यांबद्दल अजून एक गोष्ट. त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाची तरी मदत मागितली होती, ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हणजे तुम्हा पाचही जणांची दप्तरं एकत्र केली तरी मोठा भाग बाहेरच राहतो. त्यातही दप्तरातला शब्द एक असला तरी अर्थ एक नसतो. पोलिसांच्या कक्षात अर्ज "निकाली" म्हणजे बहुधा तडजोड झाली आणि बाई नांदायला गेली. समुपदेशिकेच्या वहीत नेमका तोच दिवस धोक्याचा म्हणून लाल शाईने लिहिलेला असतो. दोन्हींची बेरीज करून निकालीचं प्रमाण काढलं तर कागद छान दिसेल. बैठकीत टाळ्याही मिळतील.

आता नावाची माहिती. खरी गरज इथेच आहे.

कायदा आडवा येतो अशी समजूत आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ नीट वाचला तर माहिती कशी फिरावी याचा रस्ता त्यात आखून ठेवलेला आहे, फक्त त्यावरून कुणी चालत नाही. कलम ४ प्रमाणे कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम ९ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने घटना अहवाल, म्हणजे आपण ज्याला डीआयआर म्हणतो तो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि प्रत ठाण्याला व त्या भागातल्या सेवादायी संस्थांना पाठवायची. कलम १० खाली नोंदणी असलेली तुमच्यासारखी संस्थाही डीआयआर भरू शकते, पण बाईची इच्छा असेल तर, अशी अट कायद्यातच आहे. आणि २००६ च्या नियमांत हेही आहे की बाई उपचाराला आली आणि डीआयआर झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात तो नमुना आहे का, एवढं जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी एमएलसीचं, म्हणजे पोलीस प्रकरण होऊ शकेल अशा जखमांच्या नोंदीचं, रजिस्टर असतं, नमुना नसतो. नवीन सॉफ्टवेअरच्या आधी त्याच्या झेरॉक्स ठेवून या.

झेरॉक्सवरून आठवलं. माहिती कुठून फुटते याचा विचार करताना सगळे हॅकरचं नाव घेतात. आपल्या तालुक्यांत ती कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या आणि टायपिंगच्या दुकानातून फुटते. बाईचा अर्ज, तिच्या नवऱ्याचं नाव, ती सध्या कुठे राहते तो पत्ता, सगळं दुकानातल्या पोराच्या संगणकावर "नवीन फोल्डर" मध्ये पडून असतं आणि पोरगा तिच्या चुलतदिराच्या वर्गातला असतो. बाई निवाराघरात असेल तर अर्जावर तो पत्ता येऊच देऊ नका, कारण अर्जाची प्रत नवऱ्याला मिळणार आहे. नोटिशीसाठी कुठला पत्ता द्यायचा हे वकिलांशी आधीच ठरवा.

म्हणून बाईशी बोलताना आमचा पहिला प्रश्न "हे कुणाला सांगू?" हा नसतोच. "हे कुणाला कळता कामा नये?" असं आम्ही विचारतो. उत्तरं ऐकून डोळे उघडतात. ठाण्यातला अमुक हवालदार नवऱ्याचा साडू लागतो. आशाताई सासूच्या भावकीतली आहे. तंटामुक्तीचा अध्यक्ष सासऱ्याच्या पारावरचा. मोठ्या शहरात दोन कार्यालयांत माहिती गेली तर ती दोन अनोळखी माणसांकडे जाते. आपल्याकडे ती दोन पाहुण्यांकडे जाते. म्हणून संमती कार्यालयाच्या नावाने घेऊ नका, माणसाच्या नावाने घ्या: "पोलिसांना सांगू का?" असं न विचारता "अमुक मॅडमना सांगू का?" असं विचारा.

तसंच फोनचं. तिच्या अर्जावरचा नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. तारखेचा मेसेज तिथे गेला की रात्री तिचं काय होतं ते सांगायला नको. सुरक्षित नंबर कुणाचा, किती वाजता लावायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं, हे तीन रकाने कुठल्याच सरकारी नमुन्यात ठळक नसतात. तुम्ही ते कोपऱ्यात हाताने आखा. केसपेपरवर "नवऱ्याची मारहाण" असं मोठ्या अक्षरात लिहू नका, तो कागद तिच्याबरोबर घरी जातो. एमएलसीत सविस्तर लिहा, हातातल्या कागदावर फक्त खूण.

आता धोक्याची माहिती. इंग्लंड-वेल्समध्ये एक पद्धत आहे, तीही २००३ साली कार्डिफमध्येच सुरू झाली. जिवाला सर्वांत जास्त धोका असलेल्या निवडक बायकांबद्दल पोलीस, आरोग्य, निवारा आणि समाजकार्य यांची माणसं ठरावीक दिवशी बसतात, प्रत्येक बाईसाठी थोडा वेळ देतात आणि प्रत्येक जण एक काम घेऊन उठतो. बाईची बाजू मांडायला तिची समुपदेशिका हजर असते. तुम्हाला हवं आहे ते हे. सगळ्या बायका त्यात घ्यायच्या नाहीत. कोणाला घ्यायचं हे ठरवायला प्रश्नांची छोटी यादी लागते.

त्या यादीत एक प्रश्न सगळ्यांत वर ठेवा: त्याने कधी गळा आवळला का? अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा आवळलेल्या स्त्रीच्या बाबतीत पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या नोंदींतून निसटते, कारण गळ्यावर बऱ्याच वेळा वळ उठतच नाही. डॉक्टर हातावरच्या काळ्यानिळ्या डागांची लांबी-रुंदी लिहितात आणि गळ्याचा रकाना कोरा राहतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आलेत का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली का, कपड्यात लघवी झाली का, हे विचारावं लागतं. लघवीचं बाई स्वतःहून सांगत नाही, लाजते. हे पाच प्रश्न बाह्यरुग्ण विभागातल्या नर्सताईच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

त्याच्या खाली आपल्याकडचे प्रश्न: अंगावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतलं होतं का किंवा तशी धमकी दिली का, फवारणीचं औषध पाजायला धरलं होतं का, ती गरोदर आहे का, त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू आहेत का, ती सोडून जायची भाषा बोलली आहे का, किंवा तडजोड होऊन नुकतीच परत नांदायला गेली आहे का. आपल्या भागात "स्टोव्हचा भडका", "विहिरीत पाय घसरला", "चुकून औषध प्यायली" या तीन वाक्यांमागे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. भाजलेली बाई तालुक्याहून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाते, मृत्यूची नोंद तिथल्या ठाण्यात होते आणि कागद नंतर घटनेच्या ठाण्याकडे वर्ग होतात. तोवर आधीच्या दोन एमएलसी आणि एक एनसी (अदखलपात्र तक्रार) कुठल्या कपाटात आहेत हे तपासणाऱ्याला माहीतच नसतं.

त्या आधीच्या नोंदी नावाने शोधायला जाल तर सापडणारही नाहीत. माहेरच्या आडनावाने आधार, सासरच्या आडनावाने रेशनकार्ड, आणि कित्येक घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. लताची वैष्णवी होते. रुग्णालयात आई घेऊन आली तर लता, सासू घेऊन आली तर वैष्णवी. म्हणून दोन्ही नावं आणि दोन्ही गावं एकाच ठिकाणी, तुमच्या समुपदेशिकेच्या कुलूपबंद वहीत असू द्या आणि बाकीच्यांना फक्त क्रमांक द्या. आधार क्रमांकावर जुळवाजुळव करायचा मोह टाळा. कार्ड सासूच्या ट्रंकेत असतं.

लैंगिक अत्याचारात नियम वेगळे. बाई सज्ञान असेल तर रुग्णालयाने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे कायद्यात आहे. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिला एफआयआर नको असेल तर एमएलसी करून तिचा नकार समजावून सांगून लेखी घ्यायचा, उपचार थांबवायचे नाहीत. अठराच्या आतली असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुमच्यावरही. मुलीला हे आधीच सांगा, सगळं ऐकून घेऊन मग सांगू नका.

बालविवाहातल्या गरोदर मुलींचा गुंता इथेच होतो. सोळाची मुलगी तपासणीला आली की पोक्सो लागणार, नवरा आत जाणार, हे सगळ्या गावाला कळून चुकलंय. परिणाम काय? वय १९ सांगितलं जातं, नाहीतर तिला दवाखान्यात आणतच नाहीत. माहिती देण्याच्या सक्तीने माहितीच खोटी होते, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही. गर्भपातापुरता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली थोडा मार्ग काढला: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. हे कित्येक डॉक्टरांना ठाऊक नाही, निकालाची प्रत त्यांच्या हाती द्या.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. संगणकावर नावं ठेवलीत की संस्था म्हणून तुम्ही त्याच्या कक्षेत आलात. कशासाठी घेतली ते सांगा, त्यापलीकडे वापरू नका, काम संपलं की पुसा. यापेक्षा जास्त आज त्यात अडकू नका.

तुमच्या तालुक्यापुरतं मला सगळ्यांत मोठं भोक दिसतं ते कार्यालया-कार्यालयांतलं नाही, जिल्ह्या-जिल्ह्यांतलं आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याबरोबरच तिला कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावकडे जावं लागतं. पुढचे पाच-सहा महिने ती उसाच्या फडात आणि कोपीत (झोपडीत). तिची डीआयआर बीडमध्ये, तारीख बीडमध्ये, मार तिकडे. गैरहजर राहिली म्हणून अर्ज निकाली निघतो. खरं तर कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते किंवा काम करते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो आणि एका न्यायालयाचा आदेश देशभर लागू असतो. पण तिकडच्या संरक्षण अधिकाऱ्याला ती आली आहे हेच कळत नाही. धोक्याच्या यादीतल्या बायकांना निघण्याआधी विचारा: साखर कारखाना कुठला, टोळीचा मुकादम कोण, तिकडे एका माणसाला कळवलं तर चालेल का. होय म्हणाली तर तिकडच्या एका संरक्षण अधिकाऱ्याला फोन करून क्रमांक, सुरक्षित नंबर आणि आदेशाची प्रत एवढंच द्या. मुकादमाला काहीही सांगू नका, त्याचे पैसे त्या जोडीत अडकलेले असतात. विधी सेवा समितीच्या वकिलांना लेखी सांगून ठेवा की कारखान्याचा पट्टा पडल्यावरची, म्हणजे हंगाम संपल्यावरची, तारीख मागावी.

पहिली बैठक चौघींचीच घ्या: नर्स, ठाण्यातल्या ज्या मॅडमवर बायका विश्वास ठेवतात त्या, संरक्षण अधिकारी आणि तुमची समुपदेशिका. अधिकारी पुरुष असेल तर त्याला टाळायचं नाही, काम त्याचंच आहे. बाजाराचा दिवस धरा, बायका त्या दिवशी तालुक्याला येऊ शकतात, त्यामुळे कुणाला भेटायचं राहिलं असेल तर तेही होतं. बैठकीचा फोटो काढू नका. इतिवृत्तात नावं न लिहिता क्रमांक आणि कामं लिहा: कोण, काय, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीत आधी तीच कामं वाचायची, नवीन बाईचं नंतर. आणि हे सगळं दसऱ्याच्या आत एकदा तरी व्हायला हवं, कारण त्यानंतर तुमच्या यादीतल्या निम्म्या बायका गावात नसतील.